पावसाचे जाळे : वॉकर यांच्या सहसंबंधांपासून नेटवर्क-सिद्धांतापर्यंत

(लेख दीर्घ आहे, सवडीने वाचावा.)

भारतीय हवामानशास्त्र विभागाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या स्थापनेची दीडशे वर्षे पूर्ण केली. त्याच निमित्ताने 'मिशन मौसम' या राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. नवी रडारे, अधिक वेगवान महासंगणक, अधिक बारीक जाळीची प्रारूपे यांविषयी बरेच छापून आले. त्या बातम्यांत एक मूलभूत प्रश्न मात्र मागे राहिला. दोन दूरच्या ठिकाणांचा पाऊस एकमेकांशी जोडलेला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? आणि तो जोड खरा की आभासी, हे कसे ठरवायचे?

गेल्या वीस वर्षांत 'जटिल जाळ्यांचा सिद्धांत', म्हणजेच कॉम्प्लेक्स नेटवर्क थिअरी, पावसाच्या अभ्यासात रुजला. भारतीय मान्सून हे त्याचे एक प्रमुख प्रयोगक्षेत्र ठरले. मात्र या सिद्धांताने विचारलेले प्रश्न नवे नाहीत. ते शंभर वर्षांपूर्वी सिमल्याच्या एका कचेरीत, संगणकाविना, कागद आणि पेन्सिलीच्या बळावर विचारले गेले होते. तो इतिहास ठाऊक नसेल, तर आजच्या रंगीत नकाशांवरील रेषा आपण गरजेपेक्षा जास्त विश्वासाने वाचू लागतो.

आरंभ दुष्काळाने झाला. १८६४ साली कलकत्त्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला, त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, आणि १८७५ साली हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड हे भारत सरकारचे पहिले हवामान-वृत्तनिवेदक. विभाग नीट उभा राहण्यापूर्वीच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षीचा पाऊस आधी सांगता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर विद्वानांच्या कुतूहलापुरता राहिला नाही. तो प्रशासनाचा प्रश्न झाला.

ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये एक संबंध मांडला : हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ अधिक पडले, तर पुढचा पावसाळा दुबळा होण्याकडे कल असतो. याच आधारावर ४ जून १८८६ रोजी विभागाने मान्सूनचा पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. आजच्या परिभाषेत सांगायचे, तर ही एका दुव्याची कल्पना होती. एका टोकाला हिमालयाचे बर्फ, दुसऱ्या टोकाला हिंदुस्थानचा पाऊस, आणि मध्ये काही महिन्यांचे अंतर. पुढे १८८८ मध्ये ॲडलेडचे चार्ल्स टॉड यांच्या लक्षात आले, की ऑस्ट्रेलिया आणि हिंदुस्थान यांचे दुष्काळ अनेकदा बरोबरीने येतात. विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्मन लॉकियर आणि त्यांचे पुत्र विल्यम यांनी दाखविले, की हिंदुस्थान आणि अर्जेंटिनातील कोर्डोबा येथील हवेचा दाब लहान मुलांच्या खेळातील फळीप्रमाणे उलटसुलट वरखाली होतो. दुव्यांची संख्या वाढत होती. त्यांना एकत्र पाहणारी दृष्टी अजून नव्हती.

दरम्यान अंदाजाची नामुष्की झाली होती. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेले जॉन एलियट यांनी अंदाजात अनेक घटक गुंफले. पण १८९९ च्या दुष्काळाची, राजस्थान-गुजरातेत आजही 'छप्पनिया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या काळाची, पूर्वसूचना विभागाला देता आली नाही. वृत्तपत्रांनी झोड उठविली. परिणामी पुढील काही वर्षे हे अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. ते केवळ सरकारी अधिकाऱ्यांना मिळत. चुकलेल्या अंदाजावर अधिक चांगल्या अंदाजाचा उपाय करण्याऐवजी तो दडविण्याचा उपाय झाला, ही नोंद आपण लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर यांनी विभागाची सूत्रे हाती घेतली. ते केंब्रिजचे गणिती होते; हवामानशास्त्राशी त्यांचा पूर्वसंबंध जवळजवळ नव्हता. बूमरँगच्या उड्डाणावर त्यांनी शोधनिबंध लिहिले होते. १९१३ मध्ये मद्रासच्या भेटीत त्यांनी श्रीनिवास रामानुजन यांची वही पाहिली आणि विद्यापीठाकडे त्यांची शिफारस केली, ही गोष्ट गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हवामानाच्या बाबतीत वॉकर यांनी एक कठोर भूमिका घेतली. वातावरणाचे गतिशास्त्र अजून इतके कच्चे आहे, की त्यावरून मान्सून सांगता येणार नाही. तेव्हा आधी संबंध मोजू, कारणे मागाहून शोधू.

त्यासाठी त्यांनी भारतीय कारकुनांचा मोठा ताफा आकडेमोडीस बसविला. जगभरच्या ठाण्यांचा दाब, तापमान आणि पर्जन्य घ्यावयाचे. ऋतूमागून ऋतू, जोडीमागून जोडी सहसंबंध-गुणांक काढावयाचा. गुणांक एकच्या जवळ आला तर दोन्ही राशी बरोबर चालतात, उणे एकच्या जवळ आला तर उलट चालतात, शून्याजवळ राहिला तर संबंध नाही. ज्या भारतीय हातांनी हे हजारो गुणाकार-भागाकार केले, त्यांतील बहुतेकांची नावे शोधनिबंधांच्या शीर्षकाखाली नाहीत. या आकडेमोडीतूनच पॅसिफिक आणि हिंदी महासागरांतील दाबाची महाकाय आंदोलने स्पष्ट झाली, आणि १९२४ मध्ये वॉकर यांनी त्यांपैकी एकीस 'सदर्न ऑसिलेशन', म्हणजे दक्षिणी आंदोलन, हे नाव दिले. तिचे भौतिक स्पष्टीकरण यायला ४५ वर्षे लागली. १९६९ साली याकोब ब्येर्कनेस यांनी पेरूच्या किनाऱ्याजवळील उष्ण पाण्याचा एल निन्यो आणि हे आंदोलन एकाच यंत्रणेच्या दोन बाजू असल्याचे दाखविले, आणि विषुववृत्तावरील त्या अभिसरणास वॉकर यांचेच नाव दिले.

वॉकर यांचे दुसरे काम कमी प्रसिद्ध आहे. आजच्या विषयाच्या दृष्टीने मात्र मला तेच अधिक मोलाचे वाटते. १९१४ मध्ये त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले : पुष्कळ संबंध तपासून त्यांतला सर्वांत मोठा निवडला, तर तो खरा मानण्यासाठी कसोटी किती कडक असावी? साधे उदाहरण घेऊ. एखादा संबंध निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' दिसण्याची शक्यता वीसांत एक आहे. आपण एकच जोडी तपासली, तर फसण्याचा धोका ५ टक्के. पण एकमेकांशी असंबद्ध अशा २० जोड्या तपासल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी खोटी जोडी खरी वाटण्याची शक्यता ६४ टक्के होते. जो जितके अधिक शोधतो, त्याला तितके अधिक आभास सापडतात. हजारो जोड्या तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्याच पद्धतीवर घातलेले हे बंधन होते.

तरीही कालांतराने वॉकर यांचे अनेक सहसंबंध क्षीण झाले. काही दशकांच्या नोंदींत ठळक दिसलेले संबंध पुढील दशकांत विरघळले. त्यांच्यानंतर काही काळाने विभागाचे प्रमुख झालेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये या साऱ्या प्रयत्नांचा आढावा घेताना एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. भारतीय पावसाचा संबंध आधीच्या ऋतूंतील जागतिक घटनांशी जितका लागतो, त्याहून अधिक तो नंतरच्या घटनांशी लागतो. मान्सून हा बातमी ऐकणारा कमी आणि बातमी पसरविणारा अधिक आहे. म्हणजे दुवा तर आहे, पण बाण उलट्या दिशेस आहे. ज्या यंत्रणेचे भाकीत करायचे, तीच जगाचे भाकीत करण्यास अधिक उपयोगी, असा हा पेच होता.

ही सांख्यिकी परंपरा भारतात पुढेही चालू राहिली. १९८८ पासून वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले. हिमालयाचे बर्फ, एल निन्यो, विविध ठिकाणांचे दाब, तापमान आणि वारे त्यात गुंफलेले होते. अनेक वर्षे त्याने बरी साथ दिली. २००२ मध्ये अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. प्रत्यक्षात देशात १९ टक्के तूट पडली आणि जुलै महिन्यात तर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. त्यापूर्वी १९९७ मध्ये शतकातील एक अत्यंत प्रबळ एल निन्यो असूनही मान्सून सरासरीइतका झाला होता. एक-एक दुवा सुटा घेऊन त्यांची बेरीज करण्याची मर्यादा या दोन वर्षांनी उघड केली. दुवे एकमेकांवरही परिणाम करतात. एक धागा ताणला की दुसरा सैल होतो. तेव्हा धाग्यांऐवजी संपूर्ण विणीकडे पाहणे भाग होते.

ती विण पाहण्याचे गणित दुसऱ्याच अंगणात वाढत होते. १७३६ मध्ये ऑयलर यांनी कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडविताना नगराचा नकाशा बाजूला ठेवला आणि केवळ बिंदू व रेषा घेतल्या. आलेखसिद्धांताचा हा उगम. १९५९-६० मध्ये एर्डोश आणि रेन्यी यांनी बिंदू यादृच्छिकपणे जोडले तर काय होते, याचा सिद्धांत रचला. १९९८ मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी दाखविले, की स्थानिक दुव्यांच्या जाळ्यात थोडेसे लांब पल्ल्याचे दुवे टाकले, तरी कोणताही बिंदू कोणत्याही बिंदूपासून काही पावलांत गाठता येतो. १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी अनेक जाळ्यांत मोजक्याच बिंदूंकडे प्रचंड दुवे कसे एकवटतात, ते स्पष्ट केले. भौतिकशास्त्रात तेव्हा जाळ्यांची लाटच आली. वीजवाहिन्या, विमानमार्ग, मेंदू, प्रथिने असे सर्वत्र जाळे शोधले जाऊ लागले.

हवामानाकडे हे जाळे २००४ मध्ये वळले. अनास्तासिओस त्सोनिस आणि पॉल रोबर यांनी पृथ्वीवर अक्षांश-रेखांशांची जाळी टाकली, प्रत्येक छेदबिंदूस जाळ्याचा बिंदू मानले आणि वातावरणाच्या मधल्या थरातील नोंदींचा सहसंबंध ०.५ च्या वर गेला तर दोन बिंदूंमध्ये दुवा काढला. वॉकर यांच्या कारकुनांनी जोडीजोडीने केलेले काम आता यंत्राने सर्व जोड्यांसाठी एकदम केले. पण खरा नवा भाग त्यापुढचा होता. मिळालेल्या आकृतीला प्रश्न विचारता येऊ लागले. सर्वाधिक दुवे कोणत्या बिंदूकडे आहेत? कोणता बिंदू काढला, तर जाळे तुटते? दोन प्रदेशांमधील सर्वांत आखूड वाटा कोठून जातात? २००८ मध्ये यामासाकी, गोझोल्चियानी आणि हाव्लिन यांनी दाखविले, की एल निन्योच्या काळात जगभरच्या तापमान-जाळ्यातील अनेक दुवे तुटतात. दुव्यांचे विरणे हीच एक नोंद झाली.

तापमान हे शहाणे विद्यार्थी असते. आजचे उद्याशी, येथले शेजारच्याशी मिळतेजुळते. पाऊस तसा नाही. बहुतेक दिवस शून्य, मग एखाद्या दिवशी सारे काही. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटर. अशा राशीला साधा सहसंबंध-गुणांक न्याय देत नाही, कारण एकच अतिवृष्टी सारा गुणांक फिरवू शकते. शिवाय आपल्याकडे पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे सुरू होऊन दुपारी थांबलेला पाऊस दोन तारखांत विभागला जातो.

उपाय मेंदूच्या अभ्यासातून आला. २००२ मध्ये कियान किरोगा, क्रॉइझ आणि ग्रासबर्गर यांनी मेंदूतील विद्युत्-संकेतांसाठी 'घटना-समकालिकता' मोजण्याची रीत सुचविली. तिची कल्पना सोपी आहे. प्रत्येक ठिकाणी अतिवृष्टीच्या केवळ तारखा घ्यायच्या, मिलिमीटर विसरायचे. समजा, एका ठिकाणी ३, १५ आणि २९ जुलैला अतिवृष्टी झाली. दुसऱ्या ठिकाणी ५, १७ आणि २७ जुलैला. पहिल्याची १५ आणि दुसऱ्याची १७ तारीख एकाच घटनाक्रमात मोजायची काय? या दोन घटनांच्या आजूबाजूची अंतरे १२, १४, १२ आणि १० दिवसांची आहेत. त्यांतील सर्वांत लहान अंतराचे अर्धे, म्हणजे ५ दिवस, ही मर्यादा. प्रत्यक्ष अंतर २ दिवसांचे. म्हणून जोडी जुळली. घटना विरळ असतील तर मर्यादा सैल, दाट असतील तर घट्ट. विलंबाची मुभा आकडेवारी स्वतःच ठरविते. आणि कोणते ठिकाण वारंवार आधी येते, यावरून दुव्याला दिशाही देता येते. नॉर्मंड यांच्या उलट्या बाणाचा प्रश्न आता मोजता येऊ लागला.

ही रीत भारतीय पावसाला लावण्याचे पहिले ठळक काम जर्मनीतील पॉट्सडॅम येथे निशांत मलिक, नॉर्बर्ट मारवान आणि युर्गेन कुर्थ्स यांनी २०१० मध्ये केले. २०१२ मध्ये बोडो बुखागेन यांच्यासह त्यांनी दक्षिण आशियातील अतिवृष्टीचे जाळे अधिक तपशिलाने मांडले. २०१४ मध्ये वेरोनिका स्टोलबोवा आणि सहकाऱ्यांनी हे जाळे मान्सूनपूर्व, मान्सून आणि मान्सूनोत्तर काळांत कसे बदलते, ते पाहिले. त्यात पूर्व घाट आणि तिबेटचे पठार यांच्याबरोबर उत्तर पाकिस्तानचा प्रदेशही मोक्याचा ठरला. तेथे पश्चिमेकडून येणारे हिवाळी विक्षोभ आणि मान्सून यांची गाठ पडते.

यातून २०१६ मध्ये एक व्यवहार्य सूचना निघाली. स्टोलबोवा, एलेना सुरोव्याटकिना, बुखागेन आणि कुर्थ्स यांनी पूर्व घाट आणि उत्तर पाकिस्तान हे मान्सूनचे कलाटणीचे प्रदेश मानले. या दोन ठिकाणी पाऊस मोजण्याऐवजी त्यांनी हवेचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता पाहिली, कारण या राशी पावसापेक्षा अधिक भरवशाने मोजता येतात. दोन्ही प्रदेशांची तापमाने उन्हाळ्यात एकमेकांजवळ येऊन जेथे मिळतात, तेथे मान्सूनचे आगमन. पुन्हा जेथे मिळतात, तेथे माघार. या पद्धतीने मध्य भारताच्या पूर्व भागातील आगमन तत्कालीन पद्धतींपेक्षा दोन आठवडे आधी आणि माघार दीड महिना आधी सांगता येते, असा त्यांचा दावा आहे.

दोन आठवड्यांचे मोल संशोधकाच्या टेबलावर कळत नाही. ओडिशा, तेलंगण, विदर्भ येथील कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावे. पहिल्या सरीवर विसंबून बियाणे मातीत टाकले आणि मग पावसाने वीस दिवस ओढ दिली, तर दुबार पेरणी. दुसऱ्या बियाण्याचे पैसे सहसा उसनवारीचे असतात. म्हणूनच अशा दाव्याचे स्वागत करतानाच त्याची झडती घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला शोधनिबंध २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. निक्लास बोअर्स, वेदार्थ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदींतून ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण या पट्ट्यातील सुमारे ५ लाख ७६ हजार बिंदूंचे अतिवृष्टी-जाळे विणले. दुव्यांची संख्या अंतरानुसार कशी घटते हे पाहिले, तेव्हा सुमारे २५०० किलोमीटरवर वळण दिसले. त्याच्या आत प्रादेशिक वादळप्रणालींचे दुवे. त्यापलीकडचे दुवे मात्र वेगळ्याच जातीचे. युरोपातील अतिवृष्टी आणि काही दिवसांनी उत्तर भारताच्या परिसरातील अतिवृष्टी यांचा जोड त्यात दिसतो. त्यामागे उंचावरील पश्चिमी वाऱ्यांतून सरकणाऱ्या रॉस्बी लहरी असाव्यात, असे लेखकांनी वाऱ्यांच्या नोंदींवरून दाखविले.

आता वॉकर यांचे १९१४ चे टिपण पुन्हा काढू. ५ लाख ७६ हजार बिंदूंच्या जोड्या होतात सुमारे साडेसोळा हजार कोटी. योगायोगाची मर्यादा हजारांत पाच इतकी कडक ठेवली, तरी ८० कोटींहून अधिक आभासी दुवे उरू शकतात. भारतापुरता विचार केला, तरी सुटका नाही. हवामान विभागाच्या पाव अंशाच्या पर्जन्य-जाळीत सुमारे ५ हजार बिंदू येतात. त्यांच्या जोड्या सव्वा कोटी. वीसांत एक या कसोटीवर सव्वासहा लाख दुवे निव्वळ योगायोगाचे. नकाशावर ते सारे एकाच जाडीच्या रेषेने काढले जातात आणि अतिशय देखणे दिसतात. बोअर्स यांच्या गटाने म्हणूनच सुटा दुवा ग्राह्य धरला नाही. एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशाकडे दुव्यांचे जुडगे जात असेल, आणि ते योगायोगाच्या अपेक्षेहून दाट असेल, तरच त्याची दखल घेतली. त्यानंतर त्यास भौतिक यंत्रणा आहे का, हे तपासले.

आणखीही काही सापळे आहेत. शेजारचे बिंदू तर एकाच ढगाखाली असतात. त्यांचे दुवे मोजून एखादे ठिकाण 'केंद्रस्थानी' ठरविणे म्हणजे कित्येकदा भूगोलाचाच पुनरुच्चार होय. भारताची जाळी किनाऱ्यावर आणि सीमेवर संपते. काठावरच्या बिंदूंचे अर्धे शेजारी आपणच कापून टाकलेले असतात, म्हणून ते एकाकी भासतात. आणि जेथे पर्जन्यमापक विरळ आहेत, तेथे जाळीतील आकडे लांबच्या ठाण्यांवरून भरून काढलेले असतात. मग दोन बिंदूंतील घट्ट दुवा पावसाचा आहे की पूरणाच्या सूत्राचा, हे ओळखणे कठीण. २०२३ मध्ये मोरिट्झ हास, वेदार्थ गोस्वामी आणि उलरिके फॉन लुक्सबर्ग यांनी हवामान-जाळी विणताना होणाऱ्या अशा फसगतींचा सांख्यिकी दृष्टीने सविस्तर परामर्श घेतला. यातील एक नाव २०१९ च्या निबंधातही आहे. हत्यार घडविणाऱ्यानेच त्याची धार तपासावी, ही चांगल्या शास्त्राची खूण.

मग या जाळ्याचा भरवसा कसा ठरवायचा? माझ्या मते तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, दुव्यामागे हवेचा, पाण्याचा किंवा उष्णतेचा खरा प्रवास दाखविता यावा. दक्षिण अमेरिकेत हे साधले आहे : २०१४ मध्ये याच रीतीने दिसले, की आग्नेय भागातील अतिवृष्टी वाऱ्याच्या विशिष्ट स्थितीत मध्य अँडीजच्या पूर्व उतारांकडे सरकते, आणि एल निन्योच्या काळात तेथील अतिवृष्टीच्या ९० टक्के घटना आधी ओळखता येतात. दुसरी कसोटी, दुवा ज्या वर्षांच्या नोंदींतून सापडला, त्याहून वेगळ्या वर्षांत तो टिकावा. तापणाऱ्या हवेत ही कसोटी अधिक अवघड होत आहे. २००६ मध्ये भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मध्यम पावसाच्या घटना घटल्या आणि अतिवृष्टीच्या वाढल्या. जाळ्याचे बिंदू तेच राहिले, तरी त्यांतून वाहणारे पाणी बदलते आहे.

तिसरी कसोटी सर्वांत जुनी : अंदाज आधी, उघडपणे आणि आकड्यात सांगावा. योसेफ लुडेशर आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०१३ पर्यंतच्या नोंदींवरून, तापमान-जाळ्याच्या आधारे, २०१४ च्या अखेरीस एल निन्यो सुरू होण्याची शक्यता चारांत तीन आहे, असे २०१४ च्या आरंभीच छापून टाकले. वर्षाच्या मध्यावर तो बारगळल्यासारखा दिसला. अखेरीस मात्र सुरू झाला. अंदाज फसला असता, तरी तो छापील राहिला असता आणि पद्धतीच्या खाती जमा झाला असता. एका यशाने सिद्धांत सिद्ध होत नाही. पण मोजता येण्याजोगे यशापयश हेच त्याचे भांडवल.

येथे एलियट यांच्या काळातील तो गोपनीयतेचा आदेश आठवावा. त्या वेळी लोकांपासून अंदाज लपविला गेला. आज अंदाज रोज मोबाइलवर येतो; पण तो कोणत्या दुव्यांवर उभा आहे, गेल्या दहा वर्षांत किती वेळा चुकला, हे सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. दुसरीकडे, पुण्यातून प्रसिद्ध होणाऱ्या दैनंदिन पर्जन्य-जाळीत १९०१ पासूनच्या नोंदी आहेत, आणि त्या अभ्यासकांना खुल्या आहेत. सुमारे सात हजार पर्जन्यमापकांपाशी पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी सकाळी साडेआठला जाऊन पाणी मोजले, वहीत आकडा लिहिला, म्हणून आज जगातील कोणताही विद्यार्थी आपल्या संगणकावर मान्सूनचे जाळे विणू शकतो. नेटवर्क-सिद्धांताची सारी इमारत या आकड्यांवर उभी आहे.

म्हणून यापुढे 'अमुक देशातील पावसाचा भारतातील पुराशी संबंध' अशी बातमी वाचनात आली, तर तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. किती जोड्या तपासल्या? कोणत्या वर्षांवर पडताळले? वाटेत काय वाहते? उत्तरे मिळाली, तर तो दुवा जपून ठेवावा. न मिळाली, तर नकाशा कितीही सुंदर असला, तरी त्यावर पेरणीची तारीख ठरवू नये.